दाबोळी खरंच बंद पडणार का? आणि मुळात तो आपला होता कधी?

झुआरीकाठ

मोपा, म्हणजे उत्तर गोव्यातला नवा विमानतळ, सुरू झाल्यापासून दर हंगामाच्या तोंडावर एक आवई उठतेच: आपला जुना दाबोळी विमानतळ बंद पडणार. वास्को, चिखली, सांकवाळ भागात तर चहाच्या गाड्यावरही हाच विषय. एखाद्या कंपनीने एक उड्डाण इकडचं तिकडे हलवलं की 'संपलं सगळं' म्हणणारे आणि 'काय जायना रे' म्हणणारे असे दोन तट पडतात. दोन्ही तटांना एका गोष्टीचा सोयीस्कर विसर पडतो, म्हणून हा धागा काढला. दाबोळीची धावपट्टी नौदलाची आहे. नागरी विमानं तिथे १९६२ पासून भाडेकरू आहेत, आणि भाडेकरूही असे की सकाळी मालक कामाला लागला की बाहेर थांबायचं.

आता मुळापासून. १९५४-५५ च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, सरहद्दीवरचा व्यवहार आटला. दमण आणि दीव पोर्तुगीजांच्याच ताब्यात, पण तिथे पोचायला भारताच्या हद्दीतून जायची सोय उरली नाही. मग आकाशाची आठवण झाली. मुरगाव बंदराच्या पाठीमागच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, २४९ एकरांत विमानतळ उभा राहिला आणि मे १९५५ मध्ये चालू झाला. पुढे त्याला गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचं नाव दिलं गेलं. त्याच सुमाराला 'टाइप' नावाची सरकारी विमान कंपनीही निघाली. पूर्ण नाव भलं मोठं आहे, अर्थ एवढाच की 'पोर्तुगीज इंडियाची हवाई वाहतूक'. दमण, दीव, कराची अशा फेऱ्या, आणि नंतर मजल दरमजल करत थेट लिस्बन. गोव्याला स्वतःची विमान कंपनी मिळाली ती अशी, चहूकडून कोंडी झाल्यावर.

१८ डिसेंबर १९६१ ची सकाळ बऱ्याच जणांना आजीआजोबांकडून ऐकून माहीत असेल. गोवा मुक्तीच्या कारवाईत विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची १२ कॅनबेरा विमानं आली आणि काही मिनिटांत सुमारे ६३ हजार पौंड बॉम्ब धावपट्टीवर टाकून गेली. मागून दुसरी तुकडी आली. पट्टी निकामी करायची, टर्मिनलला धक्का लावायचा नाही, असं ठरलेलं होतं आणि ते पाळलं गेलं. पण पट्टी पुरती निकामी झाली नव्हती. त्या रात्री पोर्तुगीजांची दोन विमानं घाईघाईने बुजवलेल्या खड्ड्यांमधून वाट काढत उडाली आणि कराचीला पोचली. त्यांतलं एक चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन. एवढं अवजड धूड अर्ध्यामुर्ध्या पट्टीवरून, अंधारात उचललं म्हणजे वैमानिक कुठल्याही बाजूचा असो, मानलं पाहिजे.

एप्रिल १९६२ मध्ये लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ यांनी विमानतळ नौदलाकडे सोपवला. १९६४ मध्ये आयएनएस हंसा हा तळ सुलूरहून इथे हलवला. पुढचं सगळं तिथेच ठरून गेलं. १९८३ मध्ये देशांतर्गत टर्मिनल झालं, १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय, डिसेंबर २०१३ मध्ये आजची मोठी इमारत. इमारती वाढल्या, धावपट्टी मात्र एकच. ऐंशीच्या दशकात युरोपातून चार्टर येऊ लागले आणि २०१८-१९ पर्यंत प्रवासी वर्षाला ८० लाखांच्या पुढे गेले. तरीही सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठपासून दुपारी एकच्या आसपासपर्यंत नागरी उड्डाणं जवळजवळ बंद, कारण ती वेळ नौदलाच्या सरावाची. हॉटेलची खोली सोडायची वेळ होते नेमक्या त्याच तासांत विमान नाही! मग दुपारी सगळ्यांची एकदम झुंबड, आणि पहाटे तीनला घर सोडणारे आपण.

माझं म्हणणं एवढंच: दाबोळी बंद पडणार की नाही हे मोप्यावर ठरणार नाही. सकाळचे ते तास मोकळे होतात का, यावर ठरेल. आणि तो प्रश्न साठ वर्षांत एकाही पक्षाने धसास लावलेला नाही. तुमचं काय मत?

मडगावची माई

लेख आवडला. मी प्रवासाची तिकिटं काढून देण्याचा व्यवसाय करते, म्हणून व्यवहारातलं सांगते. दक्षिण गोव्यातल्या गिऱ्हाइकाला अजून दाबोळीच हवा असतो. मडगावहून दाबोळी पंचवीसेक किलोमीटर, मोपा सत्तरच्या घरात. काणकोणच्या माणसाने मोप्याहून सकाळचं विमान पकडायचं तर तो रात्रीच निघतो. पण तिकीट स्वस्त पडतं ते बहुतेक वेळा मोप्याचं, आणि वेळाही तिथेच चांगल्या. शेवटी माणूस टॅक्सीचा खर्च मिळवून बघतो आणि डोक्याला हात लावतो.

आणखी एक. तिकिटावरचा कोड बघा हो! दाबोळीचा जीओआय, मोप्याचा जीओएक्स. शहराच्या जागी दोन्हीकडे 'गोवा' छापलेलं असतं. दाबोळीच्या दारात उभं राहून मोप्याचं तिकीट दाखवणारी माणसं अजून भेटतात. तिथून मोपा म्हणजे दीड-दोन तास, रस्ता मोकळा मिळाला तर. तोवर विमान गेलेलं असतं.

हंसा-निवृत्त

मी नौदलात तांत्रिक विभागात होतो, बरीच वर्षं याच तळावर काढली. झुआरीकाठ यांनी इतिहास नीट मांडलाय, पण भाडेकरूची उपमा अर्धीच खरी आहे. या भाडेकरूला घरमालकाने काय काय पुरवलं तेही सांगा. हवाई नियंत्रण नौदलाचं. धावपट्टीची देखभाल नौदलाची. पक्षी हाकलण्यापासून पट्टीवरचा खडा वेचण्यापर्यंत पुष्कळशी उस्तवार नौदलाची. १९६१ मध्ये फोडलेली पट्टी नौदलाकडे आली नसती तर तिच्यावर एवढा खर्च कोणी केला असता? त्या काळच्या गोव्याच्या प्रशासनाने?

आणि सकाळचेच तास का, तर दुपारनंतर समुद्रावरून वारा वाढतो, मार्च-एप्रिलमध्ये उष्म्याने दृश्यमानता घसरते. शिकाऊ वैमानिकाला सकाळची शांत हवा लागते. ही चैन नव्हे. डिसेंबर १९८३ मध्ये नौदलाची पहिली सी हॅरियर लढाऊ विमानं इथे उतरली आणि मे २०१६ मध्ये शेवटची निवृत्त झाली तीही इथेच. आज मिग-२९के इथे आहेत. विमानवाहू जहाजावरून उडायचं शिकण्यासाठी जमिनीवर बांधलेला, पुढे वर वळलेला उतार याच तळावर आहे. वैमानिक तिथे घोटून घेतो, मग जहाजावर जातो. २०२२ पासून पी-८आय या टेहळणी विमानांची तुकडीही इथे आहे. अख्ख्या पश्चिम समुद्रावर नजर ठेवणारा हा तळ. मोपा झाल्यावर नौदलाने उलट सुटकेचा श्वास सोडला असेल असं मला वाटतं.

झुआरीकाठ

काका, हे मान्य. नौदलाला मी खलनायक ठरवत नाहीच. माझा रोख राज्य सरकारांवर आहे. पण एक विचारतो. लढाऊ विमानं आणि माणसांनी भरलेली विमानं एकाच पट्टीवर किती काळ चालवायची? जानेवारी २०१८ मध्ये मिग-२९के पट्टीबाहेर जाऊन पेटलं. जून २०१९ मध्ये मिगची इंधनाची जादा टाकी पट्टीवर पडून आग लागली आणि दोनेक तास वाहतूक ठप्प झाली. सुदैवाने दोन्ही वेळा माणूस दगावला नाही.

हंसा-निवृत्त

नागरी विमानंही तेवढीच पट्टी अडवतात. २७ डिसेंबर २०१६ ची पहाट आठवा. मुंबईला निघालेलं जेट एअरवेजचं विमान उड्डाणाच्या धावेतच पट्टी सोडून गर्रकन फिरलं आणि बाजूच्या मातीत जाऊन बसलं. ऐन नाताळात कित्येक तास सगळं बंद. एकच पट्टी असली की कोणाचंही काही झालं तरी सगळ्यांचंच अडतं. त्यात कित्येक वर्षं पूर्ण लांबीचा समांतर टॅक्सीमार्ग नव्हता. उतरलेलं विमान पट्टीवरच वळून मागे यायचं, तोवर दुसरं आकाशात घिरट्या घालत बसायचं. खरी खोळंबाखोळंबी त्यामुळे व्हायची, पण बोल लावायला नौदल बरं पडतं.

एक जखम मात्र कोणी काढत नाही. १ ऑक्टोबर २००२. आमच्याच स्क्वाड्रनच्या २५ व्या वर्षाचा सोहळा होता आणि दोन आयएल-३८ विमानं हवेत एकमेकांना घासली. दोन्ही विमानांतले १२ही जण गेले, खाली जमिनीवरही माणसं गेली. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

पेडण्याचो झिलो

तुम्ही सगळे दाबोळीचं रडगाणं गाताय, आमच्या सड्याचं कोण बोलणार?

मोपा, वारखंड, नागझर, चांदेल, कासारवर्णे ही गावं तुम्हाला नकाशावर तरी माहीत होती का हो? केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००० सालची. तेव्हापासून आमच्या जमिनीवर टांगती तलवार. दोन हजार एकरांच्या वर सडा गेला. सडा म्हणजे तुम्हाला मोकळं माळरान वाटतं. त्यावर काजू होता, गुरं चरायची, धनगरांची घरं होती, आणि त्याच्या पोटातलं पाणी खालच्या गावांच्या झरींना यायचं. पेडण्यात जमीन एकाच्या नावावर, कसणारा दुसरा, राहणारा मुंडकार तिसरा. नुकसानभरपाई कोणाला मिळाली आणि कोण कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिला, ते तुम्हीच ओळखा.

सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ ला पर्यावरण मंजुरी स्थगित केली होती, हे तरी आठवतं का? अर्जात झाडांची आणि जंगलाची माहिती नीट दिली नव्हती, हाच मुख्य आक्षेप होता. पुढे जानेवारी २०२० मध्ये अटी घालून, 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेची देखरेख लावून काम परत चालू झालं. झाडं मात्र गेली ती गेलीच.

बांद्याचा बाब्या

झिल्या, तुझा खरा आसा. पण आमका विचारशील तर मोपा आमच्या दारात इलो! बांद्यातून पत्रादेवीचो नाको ओलांडलो की पोचलोच. पयली मुंबैक जावचा तर रात्रभर एसटी नायतर कोकण रेल्वेचा वेटिंग. आता सकाळी घरची भाकरी खाऊन निघालो की दुपारी मुंबैत.

गंमत म्हणजे आमचा हक्काचा विमानतळ सिंधुदुर्गातच, चिपीला आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला केवढ्या गाजावाजात उद्घाटन झालं, एकाच व्यासपीठावर कोण कोण नेते आणि त्यांची टोलेबाजी, सगळा महाराष्ट्र टीव्हीला चिकटून बसला होता. धावपट्टी २५०० मीटर. विमानांची संख्या मात्र एका हाताच्या बोटांवर. सव्वा वर्षात शेजारी मोपा उघडला आणि सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा इकडचा प्रवासी तिकडे वळला. दाबोळी बंद पडेल की नाही माहीत नाही, मोप्याने पहिला घास घेतला तो चिपीचा. गोव्याच्या 'फ्लाय ९१'ने २०२४ पासून चिपीला छोटी एटीआर विमानं चालू केली, तेवढाच काय तो आधार.

पुणेरी चौकस

गोव्यात राहत नाही, नेहमी येतो मात्र. एक साधा प्रश्न. दोन विमानतळ ठेवायचे हे कधी ठरलं? मला वाटायचं मोपा दाबोळीला पर्याय म्हणून बांधला.

झुआरीकाठ

बरोबर वाटायचं. २००० च्या मूळ निर्णयात मोपा झाला की दाबोळीची नागरी वाहतूक बंद, असंच होतं. सासष्टी-मुरगावात त्यावरून रान पेटलं. हॉटेलं दक्षिणेत, चार्टरचे पर्यटक दक्षिणेत, टॅक्सीवाले दक्षिणेत. पुढे २०१० मध्ये केंद्राने ती अट बदलली आणि दोन्ही चालतील असं ठरलं. तेव्हापासून प्रत्येक मुख्यमंत्री 'दाबोळी बंद होणार नाही' असं म्हणत आलाय. आता मला सांगा, जे बंद होणारच नाही ते होणार नाही म्हणून इतक्यांदा कशाला सांगावं लागतं?

मोप्याचा पुढचा प्रवास थोडक्यात: २०१६ मध्ये जीएमआर या खासगी कंपनीला कंत्राट, उत्पन्नातला ३६.९९ टक्के वाटा राज्याला द्यायच्या बोलीवर. १३ नोव्हेंबर २०१६ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी, ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन, ५ जानेवारी २०२३ ला हैदराबादहून पहिलं प्रवासी विमान. धावपट्टी ३५०० मीटर, पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवासी. आणि मुख्य म्हणजे चोवीस तास. कंपनीला विमान सकाळी दहाला उतरवायचं असेल तर कोणाला विचारायला नको. लंडनचं एअर इंडिया २०२३ मध्ये तिकडे गेलं, कतार २०२४ मध्ये. सोय बघूनच गेले ते, पणजीतलं राजकारण बघून नव्हे.

टॅक्सीवाल्याचो पूत

सोय म्हणे! माझा बाप तीस वर्षं दाबोळीच्या स्टँडवर काळी-पिवळी चालवतो. संध्याकाळची दोन विमानं कमी झाली की आमच्या घरात ते लगेच कळतं. मोप्यावर जाऊन भाडं घे म्हणतात. तिथे पेडण्याच्या पोरांचा पहिला हक्क, आणि तो असायलाच हवा, जमीन त्यांची गेली. मग आम्ही जायचं कुठे? पर्यटक म्हणतात गोव्याचे टॅक्सीवाले लुटतात. असतील काही. पण हंगाम चार महिन्यांचा, हप्ता बारा महिन्यांचा, हे गणित कोणी सोडवून दाखवावं. ॲपची टॅक्सी हाही उपाय नाही हे ॲपवर गाडी चालवणाऱ्यांनाच विचारा.

पेडण्याचो झिलो

पुता, तुझ्याशी भांडण नाही. आमच्या पोरांनाही काही आयतं मिळालं नाही, स्टँडसाठी रस्त्यावर बसावं लागलं. आणि नोकऱ्यांचं म्हणशील तर सामान ढकलणं आणि पहारा देणं यात आमची पोरं दिसतात, वरच्या केबिनीत शोधावी लागतात.

मडगावची माई

वाद घाला, पण प्रवाशाच्या कामाचंही लिहा. मोप्याला कदंबच्या इलेक्ट्रिक बस आहेत: पणजी, म्हापसा, मडगाव. टॅक्सीच्या मानाने फारच स्वस्त, फक्त वेळापत्रक आधी बघून ठेवा, रात्री उशिराच्या विमानाला भरवसा धरू नका. धारगळहून विमानतळाला जाणारा उंचावरचा रस्ता २०२४ मध्ये खुला झाला, तेव्हापासून पेडण्याच्या आतल्या अरुंद रस्त्यांवरची कोंडी सुटली. दाबोळीला जाताना आमचा जीव कुठ्ठाळीला अडकायचा, नवा झुआरी पूल झाल्यापासून तो प्रश्न बराच मिटला. आता बघा विनोद: ज्या महिन्यात मोप्याचं उद्घाटन झालं त्याच महिन्याच्या शेवटी झुआरीच्या नव्या पुलाची पहिली बाजू उघडली. दाबोळीची वाट सोपी झाली आणि आठवडाभरात विमानं मोप्याला उतरू लागली.

पुणेरी चौकस

पावसाळ्यात मोपा कसा? उंचावर आहे म्हणून विचारतोय. जुलैत यायचा बेत आहे.

बांद्याचा बाब्या

सड्यावर ढग टेकतो, पाऊस आडवा येतो. कधीमधी विमान घिरट्या घालून दुसरीकडे वळतं. २२ मे २०२४ ला तर विजेने पट्टीच्या कडेचे दिवे गेले आणि सहा विमानं इतरत्र वळवली होती. पण जुलैत दाबोळीलाही हीच गत. पावसाला जीओआय काय नि जीओएक्स काय.

हंसा-निवृत्त

वर झुआरीकाठ यांनी सकाळचे तास मोकळे करा असं सुचवलंय, त्यावर उत्तर राहिलं होतं. मला नाही वाटत ते होईल, आणि व्हावं असंही वाटत नाही. माझा अंदाज उलटा आहे. नागरी विमानं थोडी कमी झाली तर दाबोळी शांतपणे चालेल: दक्षिणेतल्या लोकांसाठी, चार्टरसाठी, ठरावीक शहरांसाठी. ८० लाख प्रवासी त्या पट्टीवर आणि त्या टर्मिनलवर कधी बसतच नव्हते, आपण कोंबत होतो. चाळीस लाखांचा दाबोळी हा मेलेला विमानतळ नव्हे.

झुआरीकाठ

काका, चाळीस लाखांवर स्थिरावला तर मीही नमस्कार करीन. माझी भीती घसरणीची आहे. कंपनी विमान हलवते, मग दुकानं उठतात, मग टॅक्सी कमी होतात, मग प्रवासीच म्हणतो तिकडे काही नाही. खासगी चालकाला प्रवासी खेचायचं बळ आहे, तो जाहिरात करतो, विमान कंपन्यांच्या दारात जातो. दाबोळीच्या वतीने कोण जातं? विमानतळ प्राधिकरणाला मोकळे तास नाहीत, नौदलाचं ते काम नाही, आणि राज्य सरकारला मोप्यातून वाटा मिळतो. आता सरकार कोणत्या विमानतळाची बाजू घेईल, हे हिशेब करूनच सांगा.

टॅक्सीवाल्याचो पूत

हे कोणीतरी सभेत विचारा रे. मतं मागायला चिखलीत येतात तेव्हा.

पुणेरी चौकस

धागा वाचून दाबोळीचंच तिकीट काढलं. सोमवारी दुपारी उतरतोय. ते सुपर कॉन्स्टेलेशन वगैरे जुनी विमानं बघायला कुठे मिळतात का?

हंसा-निवृत्त

बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथे अंगणात सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. ते कराचीला पळालेलं नव्हे, एअर इंडियाचं, पुढे हवाई दलाकडून नौदलात आलेलं. सी हॉक, आलिझे, सी हॅरियरही आहेत. विमानतळापासून अगदी जवळ, पण सोमवारी बंद असतं. मंगळवारी जा.